पेलाभर दूध

अंबादास मास्तर कुणाच्या घरी गेले की माणसांकडे नंतर बघत, आधी पलंगाकडे बघत. पलंगावर चादर असायचीच. मग चष्मा कपाळावर चढायचा, चादरीचं टोक नाकाशी जायचं आणि घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत मास्तरांचा निकाल तयार असायचा. मोराच्या शेपटीत एक घर कमी आहे, नाहीतर वेलीचं पान उजवीकडे दोन घरं सरकलंय. ती बिचारी ओशाळायची, जणू मोर तिनंच बिघडवला होता. मास्तर पाणी पिऊन तिची समजूत घालायचे, "तुमचं काय न्हाई त्यात. ज्यानं काढलं त्याचं हाय." एका लग्नात त्यांनी आहेरात आलेली चादर उलगडून नवरदेवाच्या मामाला चूक दाखवली होती. तो मामा पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही.

घर म्हणजे ग्राफच्या कागदावरचा चौकोन. चादरीवरचा मोर आधी कागदावर उतरतो. हजारो बारीक चौकोन असतात, त्यातला कुठला रंगवायचा आणि कुठला कोरा सोडायचा हे मास्तर ठरवायचे. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, ती कार्डं मागावर चढतात आणि माग त्या भोकांप्रमाणे मुकाट विणत सुटतो. कागदावर एक घर चुकलं की ते प्रत्येक चादरीत चुकतं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मास्तरांनी उभा जन्म हेच काम केलं. भवानी पेठेतून सायकलवर जायचे, कानावर पेन्सिल, खिशात ब्लेड. अख्खी पेठ त्यांना ग्राफमास्तर म्हणायची.

माझं औषधाचं दुकान त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. दुकान म्हणण्यापेक्षा आमच्याकडे मेडिकल म्हणतात, आणि मला सगळे अप्पा म्हणतात. मास्तरांच्या घरी तेलुगू, आमच्या घरी कानडी. दोघांची गाठ मराठीत पडायची आणि समोरच्याची मराठी बिघडलेली आहे असं दोघांनाही वाटायचं. संध्याकाळी कारखान्यातून परतताना ते दुकानापुढे सायकल लावत, आणि माझ्या फळीवरची खोकी वाकडी दिसली की थेट आत शिरून ती सरळ करत. मी चिडायचो. ते म्हणायचे, "अप्पा, तुमची फळी बगून मला ताप येतोय, आन गोळी बी तुमच्याकडनंच घ्यावी लागतीया."

स्वतःलाही ते सोडत नसत. एकदा त्यांच्या कमळाची चादर तीन आठवडे मागावर चालली होती. बाजारात एका दुकानाबाहेर ती टांगलेली बघताना त्यांना स्वतःची चूक दिसली. एका पाकळीला एक घर जास्त पडलं होतं. तिथूनच सायकल वळवून ते कारखान्यात गेले आणि माग बंद करायला लावले. मालकांनी हात जोडले. गिऱ्हाईक चादर अंगावर घेतं, मोजत बसत नाही, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. मास्तर ऐकेनात. दोन दिवस खपून त्यांनी ती कार्डं स्वतःच्या हातानं नव्यानं पाडली. नंतर मला म्हणाले, "चूक कुणाची ते आदी ठरवायचं, मग सुदरायची. न्हाईतर ती अनाथ हुती, आन अनाथ चूक परत परत दारात येती." मला ते तेव्हा फार आवडलं होतं. दुसऱ्याच्या चुकांबद्दलचं काहीही मला तेव्हा आवडायचं.

दुखणं सुरू झालं ते उजव्या खांद्यापासून. हाडांच्या डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून सांगितलं आणि सहा महिने मी त्यांना मलम विकलं. मग अक्षर बारीक होऊ लागलं. ग्राफच्या कडेला ते आकडे लिहायचे, ते ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत मुंगीएवढे होत. कार्डं पाडणारा भिंग घेऊन बसू लागला. चालताना उजवा हात हलेनासा झाला. चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण मास्तर मुळातच रागीट, त्यामुळे तो फरक कुणाला कळला नाही. मग एकदा सायकलवरून पडले, पंधरा दिवसांत पुन्हा पडले, आणि गल्लीनं ठरवून टाकलं की मास्तर सकाळीच शिंदी टाकून निघतात. जन्मात ज्यानं शिंदीचा थेंब घेतला नाही त्याच्याबद्दल हे बोललं गेलं. मीही एकदा गोळी देता देता पुढे वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला होता. त्यांना ते कळलं. ते तोंड जरा मोठं उघडून उभे राहिले.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं, पार्किन्सन. आपल्याकडे कंपवात म्हणतात, पण मास्तरांचा हात कापण्यापेक्षा आखडायचाच जास्त. मेंदूत एक रसायन असतं, ते कमी पडत जातं, म्हणून हातापायाला हुकूम पोचत नाही. गोळीनं ते रसायन भरून निघतं. आजार जात नाही, पण माणूस कामाचा राहतो. मास्तरांनी एवढंच विचारलं, हात चालंल का? डॉक्टर म्हणाले, चालेल.

तिथून ते दोघं सरळ माझ्याकडे आले. सत्यम्मावहिनी, त्यांची बायको, घरी बसून विड्या वळायच्या. बारीक चणीची बाई, पण मास्तरांना ऐकवायची वेळ आली तर तेलुगूत असं ऐकवायची की मास्तर चष्मा पुसत बसत. त्यांनी गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "अप्पा, लई कडक दिसत्यात. कशाबरुबर दिऊ?"

दुकानात गर्दी होती. मी मान वर न करता म्हणालो, "जेवण झाल्यावर द्या वहिनी, दुधाबरोबर. म्हणजे उष्ण पडायची न्हाई." आणि पाकिटावर पेनानं लिहूनही दिलं, दुधाबरोबर.

असं मी सगळ्यांनाच सांगत आलो होतो. आमच्याकडे गोळी म्हणजे उष्ण, आणि उष्ण वस्तू अनशापोटी घ्यायची नाही, हे आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं शहाणपण. गिऱ्हाइकालाही तेच ऐकायचं असतं. बाई विचारते, मेडिकलवाला सांगतो, दोघांनाही काहीतरी केल्यासारखं वाटतं. प्रत्येक औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो, बारीक इंग्रजीत छापलेला. तो मी आयुष्यभर केराच्या टोपलीत टाकत आलो. माझ्या डोक्यावर भिंतीला परवान्याची फ्रेम टांगलेली होती आणि तिला रोज उदबत्ती होती.

वहिनींनी माझा शब्द देवाच्या शब्दासारखा पाळला. गवळ्याला सांगून म्हशीचं दूध वाढवून घेतलं. दिवसातून तीन वेळा, भाकरी-डाळ-शेंगाचटणीचं जेवण झालं की स्टीलचा पेला काठोकाठ भरून, वर सायीचा जाड तुकडा, आणि त्याबरोबर गोळी. स्वतः कोरा चहा पिऊ लागल्या. विड्यांचं सूप मांडीवर, समोर घड्याळ, आणि वेळ झाली की सूप बाजूला. मास्तरांना दूध आवडायचं नाही. ते एका दमात संपवून पेला खाली आपटायचे.

पहिली दोन वर्षं गोळी दुधातूनही लागू पडली. हात सुटला, अक्षर मोठं झालं, मास्तर पुन्हा माझी खोकी सरळ करू लागले. मग हळूहळू गोळी उतरू लागली. एखादा दिवस लागायची, एखादा दिवस नाही. जेवणानंतर तर मास्तर खुर्चीत खिळल्यासारखे बसून राहत. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, दिवसाला पाच केल्या. वहिनींनी सरळ हिशोब केला, गोळ्या वाढल्या म्हणजे उष्णता वाढली. त्यांनी दूधही पाच वेळा केलं.

ह्या दिवसांतलं मास्तरांचं चालणं मला आठवतं. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. वहिनी ओढायच्या, मग दोघंही पडायची. एकदा ते असे दारात अडकलेले असताना बाहेर पोरींनी लंगडी खेळायला खडूचे चौकोन आखले होते. मास्तरांची नजर त्यांवर गेली आणि पाऊल सुटलं. एका चौकोनात एक, दुसऱ्यात दुसरं, असे ते रस्त्यापर्यंत सरळ चालत गेले. पोरी कडेला होऊन बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून वहिनी सकाळी दारात मुग्गू, म्हणजे आपली रांगोळी, घालून झाली की घरभर चौकोन आखू लागल्या, खाटेपासून मोरीपर्यंत. मास्तर खुर्चीतून चुका काढायचे, चौथं घर अरुंद झालंय, पुन्हा घाला. पायाला पुढचं घर दिसलं की ते उचलायचे, नाही दिसलं की नाही. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा उपाय पुस्तकात दिलेला आहे. गल्लीला पुस्तक ठाऊक नव्हतं. मास्तरांच्या घरी करणी उतरवायला मांडणी मांडतात, असं लोक बोलू लागले, आणि वहिनींकडून विड्यांचा तंबाखू उसना नेणाऱ्या बायका येईनाशा झाल्या.

कारखान्यात नक्षी आता कॉम्प्युटरवर निघत होती. तरी थोरल्या मालकांनी मास्तरांना तपासायला म्हणून ठेवलं होतं. थोरले मालक वारले आणि धाकट्या मालकांनी मास्तरांचा सत्कार ठेवला. सत्कार म्हणजे काय हे मास्तरांना कळत होतं. मी त्यांना रिक्षातून घेऊन गेलो. हार झाला, नारळ झाला, आणि त्यांच्याच कमळाची चादर त्यांच्या खांद्यावर घातली गेली. मास्तरांनी टोक उचललं, नाकाशी नेलं. कॉम्प्युटरवर उतरवताना कुणीतरी देठ कापून टाकला होता. ते माइकपाशी गेले आणि तेच सांगू लागले, कुठल्या ओळीत, किती घरं. पण ह्या आजारात आवाजही आत जातो. शेजारी उभा असलेल्या मला जेमतेम ऐकू येत होतं. समोरच्यांना वाटलं म्हाताऱ्याला भरून आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर थांबले, टाळ्या संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी त्या मांडवाला काडी लावावीशी वाटली. परत येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "हात दिवसातनं दोन तास मिळाला तरी ती नक्षी नीट करून ठिवतो. मला चालायचं न्हाई अप्पा. मी खुर्चीत बसतो. हात पायजे."

त्यानंतर हीच एक गोष्ट त्यांनी धरून ठेवली. मेंदूत बारीक तारा घालतात, छातीत कातडीखाली बॅटरी बसवतात आणि आखडलेला हात सुटतो, असं ऑपरेशन निघाल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. मला कात्रण दाखवून विचारलं, डोक्यात नेमकी जागा कशी शोधतात, किती घरं सोडून? सोलापूरच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, ज्यांना गोळी लागू पडते त्यांनाच ऑपरेशन लागू पडतं. तुम्हाला गोळीच लागत नाही, तेव्हा तुमचा प्रकार वेगळा असणार, ऑपरेशनचा विचार सोडा. मास्तरांनी कात्रण घडी करून खिशात ठेवलं. ह्यात तीन वर्षं गेली. त्या डॉक्टरांनी गोळी कशी घेता हे विचारायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्यांना तरी कुठल्या तोंडानं बोलू? त्यांना नुसतं विचारायचं राहिलं होतं, मी चुकीचं लिहून दिलं होतं.

शेवटी पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा श्रीनिवास हट्टाला पेटला आणि तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यानं नंबर लावला. इंग्रजी कागद वाचायला मी हवा, असं वहिनी म्हणाल्या, म्हणून मीही गेलो. तिथली रीत अशी, की आदल्या संध्याकाळपासून गोळ्या बंद करतात आणि सकाळी एक मोठी मात्रा देऊन बघतात, शरीर दाद देतं का. सकाळी मास्तर लाकडासारखे पडून होते, कूस बदलता येत नव्हती. नर्सनं गोळी पाण्यात विरघळवून आणली. वहिनींनी पिशवीतून थर्मास काढला, त्यात तापवलेलं दूध होतं. नर्सनं थर्मास घेऊन खिडकीत ठेवला. अनशापोटी एवढी गोळी उष्ण पडंल, असं वहिनी तिला समजावून सांगत होत्या. नर्सला दुसरी कामं होती.

पाऊण तासानं मास्तरांचा अंगठा हलला. मग मनगट सुटलं. ते उठून बसले. सदऱ्याची पाचही बटणं त्यांनी काढली आणि परत लावली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मग उभे राहिले, बाहेरच्या लांब व्हरांड्यात शेवटपर्यंत चालत गेले, तिथे वळले आणि परत आले. जमिनीवर एकही चौकोन नव्हता. आल्याबरोबर पेन मागितलं. कुठल्याशा कागदाच्या पाठीवर आधी तेलुगूत नाव लिहिलं, मग मराठीत, दोन्ही ठळक आणि मोठं. मग चौकोन आखून कमळाचा देठ भरायला घेतला. श्रीनिवास भिंतीकडे तोंड करून उभा होता. वहिनींनी डॉक्टरांच्या पायाला हात लावला. मीही रडलो, हे सांगायला मला लाज नाही. ते माझ्या आयुष्यातले शेवटचे निर्मळ अश्रू असावेत.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. ती खूश होऊन लिहून घेत होती. गोळीला इतकी चांगली दाद असताना कागदावर 'गोळी लागत नाही' असं कसं आलं, ह्याचं तिला कोडं पडलं. तिनं वहिनींना विचारलं, आई, घरी गोळी कशी देता?

वहिनी पदर सावरून उभ्या राहिल्या. "पेलाभर दुदाबरुबर. म्हशीचं, साय घालून. आट वर्सांत एक डाव बी चुकलं न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "हे आमचे अप्पा. ह्यांनीच सांगितलंय."

कौतुकानं सांगत होत्या. डॉक्टरचं पेन थांबलं. तिनं श्रीनिवासला सांगून वहिनींना नाश्त्याला खाली पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मग मास्तरांना आणि मला समजावून सांगितलं. गोळीतलं औषध आणि दुधातली, डाळीतली, शेंगदाण्यातली प्रथिनं शरीरात एकाच दारानं शिरतात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर राहते. सुरुवातीला भागून जातं, पण आजार जुना झाला की गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, जेवणाआधी तासभर घ्यावीच लागते. सगळं दुधामुळे झालं असं नाही, ती म्हणाली. आजार वाढतोच. पण मधल्या वर्षांत गोळीला संधी मिळायला हवी होती, ती मिळाली नाही.

शेवटचं तिनं माझ्याकडे बघून सांगितलं, आवाज न चढवता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मास्तर कागदावरच्या चौकोनांकडे बघत होते.

पुढे दोन दिवस बाकीच्या तपासण्या झाल्या. मास्तरांना आकडे उलटे म्हणता येईनात. खोलीच्या कोपऱ्यात एक बाई कांड्यांवर सूत भरत बसलीय, असं त्यांनी आपणहून सांगितलं. तिथे कुणी नव्हतं. अशा माणसाच्या मेंदूत तारा घातल्या तर हात सुटेल, पण डोकं आणखी बिघडेल, म्हणून ऑपरेशन करता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर केलं असतं. ही तीन वर्षं मी ओळखत होतो.

श्रीनिवासनं गाडी करून दिली. वाटेत मोडनिंबला चहासाठी थांबलो. वहिनी तोंड धुवायला गेल्या. मास्तरांची गोळी, पाण्याबरोबर घेतलेली, तेव्हा पुरती चढलेली होती आणि आवाज स्वच्छ होता. मी म्हणालो, मास्तर, माझ्या हातनं… त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तिला सांगायचं न्हाई," ते म्हणाले. "तिला मी सांगतो, गोळी बदलली, नवी गोळी पान्याबरुबर घ्यायची असती. तुमी व्हय म्हनायचं."

मी म्हणालो, पण चूक माझी आहे, मी वहिनींपुढे कबूल करतो.

"चूक तुमचीच हाय. मी काय माफ केलं न्हाई तुमाला, तसं समजू नगा. पर तुमची काढाय गेलो तर तिची बी निगतीया. तिनं हातानं पाजलंय." एवढ्यात वहिनी येताना दिसल्या आणि त्यांनी मला चहा संपवायला सांगितलं.

वहिनींनी नवी गोळी म्हणून तीच गोळी पाण्याबरोबर द्यायला सुरुवात केली. पुढचं वर्ष-सव्वा वर्ष मास्तरांना सकाळचे दोन तास मिळाले. ते खुर्चीत बसून कमळ काढायचे. पण तेवढ्या वेळात कागदावर मुंग्या चढतायत असं त्यांना दिसायचं, आणि निम्मा वेळ मुंग्या झाडण्यात जायचा. गोळीचा भर असला की अंग आपोआप वळवळायचं, तेव्हा वहिनी त्यांचं कोपर धरून बसायच्या. तरी नक्षी पुरी झाली. मी ती कारखान्यात घेऊन गेलो. धाकट्या मालकांनी तिचा मोबाइलवर फोटो काढला, छान आहे म्हणाले आणि कागद मला परत दिला. मास्तरांना मी मागावर चढली म्हणून सांगितलं. एव्हाना मी खोटं बोलण्यात तयार झालो होतो.

ह्या सबंध काळात मास्तरांनी माझी एकही चूक काढली नाही. बरे असताना वहिनींचा हात धरून दुकानापर्यंत यायचे, बाकावर बसायचे. मी मुद्दाम खोकी वाकडी ठेवायचो. ते बघायचे आणि रस्त्याकडे तोंड करायचे. मला बोलायचे तेही सांभाळून, एखाद्या नव्या माणसाशी बोलावं तसं. मी घरी जाऊन बायकोवर चिडायचो.

आणि वहिनी आल्यागेल्याला सांगायच्या, ह्यांचं सगळं अप्पांनी केलं. आट वर्सं अप्पांच्या सांगण्यावर गोळी चालली, पुण्याला अप्पाच आले. संक्रांतीला पहिला तिळगूळ मला. मी तो तोंडात घालायचो, आणि मास्तर समोर बसलेले असायचे.

मी दुकान अजून चालवतो. आता प्रत्येक खोक्यातला कागद भिंग लावून वाचतो. ह्या गोळीच्या गिऱ्हाइकाला पाकिटावर लिहून देतो, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, दूध नको. परवा एकजण म्हणाला, अप्पा, तुमी म्हातारे झालाय, उष्ण पडंल की. तो गोळी दुधातूनच घेणार, मला ठाऊक आहे.

मास्तर गेल्याला आता वर्ष होईल. ते जायच्या चार दिवस आधी मी त्यांना शेवटचं बघितलं. दुपारची वेळ होती. गिळणं बंद होत आलं होतं, आवाज पार गेला होता, अंगावर नुसतं कातडं उरलं होतं. डॉक्टरांनी गोळ्यांचा आग्रह सोडला होता. मागतील ते चमच्या-चमच्यानं घाला, म्हणाले होते. मास्तर उशांना टेकून बसवलेले होते, डोळे तेवढे जागे. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या.

मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "अप्पा, एक इचारू का? मी लई इचार केला. दूद चालू हुतं तवा ह्ये चालत हुते, बोलत हुते. दूद बंद झालं आन उतरत गेले. मी दूद बंद कराय नगं हुतं. परत चालू करू का?"

मास्तरांनी ऐकलं होतं. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. त्या चेहऱ्यावर काही वाचता येण्यासारखं उरलेलंच नव्हतं. सांग म्हणत होते की सांगू नको, मला कळलं नाही, आजही कळत नाही. मला फक्त भीती वाटली. आपण बंद केलं म्हणून नवरा गेला, असं ही बाई जन्मभर म्हणत राहील, हे मला स्वच्छ दिसत होतं. खरं सांगितलं तर आपण पाजलं म्हणून गेला, असं म्हणेल. तिसरं काही मला सुचलं नाही.

मी म्हणालो, "द्या, वहिनी."

त्यांनी पेला भरून आणला. साय बाजूला काढली आणि चमचा त्यांच्या ओठांना लावला. मास्तरांनी तोंड उघडलं. एकेक चमचा गिळायला त्यांना फार वेळ लागत होता, पण तोंड ते प्रत्येक वेळी उघडत होते, आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होते. अर्धा पेला गेला. वहिनींनी पदरानं त्यांच्या मिशा पुसल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बगा की अप्पा, तुमी सांगितलं की कसं पित्यात."